पाठीवर हात पडेपर्यंत

गंगा उतरली की काशीतली माणसं सुटलो म्हणतात. माझा वैताग तिथून सुरू होतो. पाणी चढलेलं असतं तेव्हा निदान सगळे घरात गप्प बसलेले असतात. उतरलं की घाटाच्या पायऱ्यांवर कमरेएवढा गाळ मागं राहतो, त्याच सुमाराला पक्ष पंधरवडा लागतो, आणि माझी मुलगी उजाडायच्या आत उठून तो गाळ धुवायला निघते. घरात यजमानांची रीघ, स्वयंपाकघरात मी एकटी, आणि हाताशी आलेली पोरगी घाटावर समाजसेवा करायला.

आमचं घर पंचगंगा घाटाच्या वर, दुर्गाघाटाच्या गल्लीत. मी माहेरची जळगावची. लग्न ठरलं तेव्हा सगळे म्हणाले, काशीत राहायला मिळतंय, पूर्वजन्मीचं पुण्य. ते पुण्य मी तेव्हापासून शेगडीपुढं उभी राहून भोगते आहे. यज्ञेश्वर, म्हणजे माझा नवरा, तीर्थोपाध्याय. महाराष्ट्रातून श्राद्धासाठी येणारी मंडळी आमच्याकडे उतरतात. विधी आमच्याच ओसरीवर, जेवणं आमच्याच माजघरात. विधी त्यांचे, स्वयंपाक माझा, आणि तोही सोवळ्यात. म्हणजे आंघोळ करून सोवळ्याचं लुगडं नेसायचं आणि ब्राह्मणांची जेवणं होईपर्यंत बाहेरच्या कशालाही शिवायचं नाही. दाराच्या कडीला नाही, वर्तमानपत्राला नाही, फोनला तर नाहीच. तहान लागली तरी सोवळ्यातल्या पाण्याशिवाय दुसरं घ्यायचं नाही. पंधरा दिवस हे रोज. पंधरवडा संपतो तेव्हा मला माझ्याच हातांचा वास नकोसा झालेला असतो.

वैदेहीनं यात पडू नये एवढी एकच इच्छा मी धरून होते. ती बारावीत. अभ्यासात बरी, फार हुशार नाही. पण खो-खो खेळते, आणि बघणारे म्हणतात की चांगली खेळते. राज्याच्या संघात एकदा नाव आलं की विद्यापीठात खेळाडूंच्या जागेवर प्रवेश मिळतो, आणि मुलींचं वसतिगृहही. वसतिगृह याच शहरात आहे, रिक्षानं अर्ध्या तासावर. पण त्या अर्ध्या तासाच्या पलीकडं सोवळं पोचत नाही. घरी राहून कॉलेज करणाऱ्या मुलीचं काय होतं ते मी गल्लीत पाहिलं आहे. पहिल्या वर्षी ती आईला पक्षात मदत करते, दुसऱ्या वर्षी आई तिला मदत करते.

तिला खेळायला शिकवलं ढुंढिराज सरांनी. बँकेतून निवृत्त झालेला साठीपुढचा वाळका माणूस, गळ्यात शिट्टी, पायांत पांढरे बूट. गल्लीतल्या मराठी मुलींना, आणि आता मराठी नसलेल्याही, ते किती वर्षांपासून खो-खो शिकवतात कोण जाणे. एक पैसा घेत नाहीत, म्हणून त्यांना काही बोलताही येत नाही. मैदान पुराच्या पाण्यात गेलं की त्यांचा सराव घाटावर. फावडी, झाडू, नदीतलं पाणी खेचणारा डिझेलचा पंप. त्या पाण्याच्या मारानं गाळ वरून खाली, पुन्हा नदीत. त्याला ते सराव म्हणतात.

एकदा मी त्यांना विचारलं होतं, "सर, ही नगर निगमची कामं आमच्या पोरींनी कशाला करायची?"

"वहिनी," ते म्हणाले, "खो-खोमध्ये एक मुलगी पळते आणि आठ बसलेल्या असतात. जी बसली आहे ती खेळतच असते, हे पोरींना मैदानावर कळत नाही. इथं कळतं."

मला तेव्हाही कळलं नव्हतं. पाय चिखल्यांनी पांढरे पडलेली पोरगी रात्री माझ्यापुढं बसायची आणि मी तिच्या बोटांमध्ये कडुलिंबाचं तेल लावायचे. मूल्यं म्हणे.

आता तो पंप. त्याचा एक पाइप नदीत सोडलेला असतो, पाणी ओढायला. त्याच्या तोंडाला जाळी असते, पण गंगेत काय वाहत नाही? हार, निर्माल्य, पिशव्या, पिंडाचा भात, सोडलेली वस्त्रं. ते सगळं जाळीला येऊन चिकटतं. म्हणून पाण्याच्या कडेला पाइपापाशी कुणीतरी सतत बसून ते काढत राहावं लागतं. ती सगळ्यांत कंटाळवाणी जागा. वर पाण्याचा फवारा धरणाऱ्यांचे फोटो निघतात, पाइपापाशी बसलेलीचा कुणी काढत नाही.

मागच्या वर्षी वैदेही तिथं बसली होती. वरून कुणीतरी ओरडलं, "चलो, नाश्ता आ गया," आणि ही उठली. तिच्या जागी येणारी अजून पायऱ्यांवरच होती. तेवढ्यात पाइपानं एक अख्खी साडी ओढून घेतली आणि पंप जळला. दुसरा मिळेपर्यंत उरलेला गाळ उन्हानं वाळून दगड झाला. कोजागिरीला आमच्या घाटावर आकाशदिव्यांचे बांबू उभे करतात, टोकाला करंडीत दिवा ठेवून महिनाभर रोज वर चढवतात. त्या वर्षी बांबू रोवायलाच जागा होईना. कुदळी मोडल्या. सर तिला एक शब्द बोलले नाहीत. फक्त दुसऱ्या दिवशी सगळ्यांना गोळा करून म्हणाले, आजपासून पाइपावरून उठायचं ते खेळातल्यासारखं. पुढचीनं मागून येऊन पाठीवर हात ठेवायचा, 'खो' म्हणायचं, मगच उठायचं. जिनं खो दिला ती तिथं बसेल.

त्याच दिवशी वैदेहीचा फोनही गंगेत गेला होता. तेव्हापासून तिच्या संघाचे सगळे फोन माझ्या फोनवर येतात.

तर यंदाची गोष्ट. राज्याच्या संघाची निवड चाचणी दुपारनंतर होती, स्टेडियमवर. सकाळी घाटावरचं शेवटचं काम. पंप दुसऱ्या दिवशी शिंदे घाटावर जाणार होता, त्यामुळं पंचगंगेचं जे काय व्हायचं ते त्याच दिवशी. ठरलं असं होतं की सकाळी वैदेही पाइपावर बसेल, मग मालविका येऊन तिला सोडवेल, वैदेही घरी येऊन आंघोळ करेल, जेवेल आणि जाईल. मालविका तिची मैत्रीण, मैदागिनजवळ राहते. तिच्यामागून तिसरी येणार, मग मालविकाही निघणार. सगळं साखळीनं.

"आज तरी नको जाऊस," मी आदल्या संध्याकाळी म्हटलं होतं. "पाय दुखतील."

"बसायचंच तर आहे, आई. आराम हो जाएगा."

ती गेली. लातूरहून आलेल्या एका कुटुंबाचं श्राद्ध होतं. मी सोवळं नेसून स्वयंपाकाला लागले. खीर, वडे, कढी, भोपळ्याची भाजी, आमसुलाची चटणी. यज्ञेश्वर ओसरीवर पिंडांच्या तयारीत. विद्युल्लताकाकू, आमच्या मागच्या दारच्या, वडे थापायला आल्या होत्या. त्याही सोवळ्यात.

वडे तळायला घेतले आणि माजघराच्या खिडकीत फोन वाजला. वाजून थांबला. परत वाजला.

"तुझा गं," काकू म्हणाल्या.

"वाजू दे."

तिसऱ्यांदा वाजला तेव्हा मी दारातून वाकून पाहिलं. एवढ्या लांबून नाव दिसत नव्हतं. कर्जवाले असतील, नाहीतर पुढच्या आठवड्यातले यजमान, पत्ता विचारायला. घरात जाणती तीन माणसं, तिघंही सोवळ्यात. यजमान मंडळीही विधीला सोवळ्यातच बसलेली. फोनला हात लावायला घरात एक ओवळं माणूस नव्हतं. एरवी ते काम वैदेही करते.

मी वडे तळत राहिले. नंतर काही वेळ तो वाजला नाही, आणि मी तो विसरलेसुद्धा. खीर आटवून उतरवली. पानांची तयारी करायला माजघरात आले आणि तो पुन्हा वाजला. आता मी जवळ होते. पडद्यावर नाव होतं, ढुंढिराज सर.

सर स्वतः पक्ष पाळणारे. आमच्या घरी जेवणं व्हायच्या आधी ते कधी, कधीच फोन करत नाहीत. काकू स्वयंपाकघरातून बघत होत्या. मी फोन उचलला.

"वहिनी, वैदेही कुठं आहे?"

"घाटावर. का?"

"घाटावर?" मागं मुलींचा आरडाओरडा आणि शिट्ट्या ऐकू येत होत्या. "वहिनी, चाचणी सकाळवर आली. दुपारी इथं कसलासा कार्यक्रम ठरलाय, म्हणून मैदान रिकामं करून हवंय त्यांना. पाइपावरच्या तिसरीसकट बाकीच्या पोरी रिक्षांनी आल्या, मालविकाच्या वडिलांनी तिला परस्पर मोटारसायकलवर आणली. ती म्हणाली, मी वैदेहीच्या आईला फोन केलाय. मला वाटलं, वैदेही दुसऱ्या रिक्षेत आहे. दोनदा नाव पुकारलं तिचं. मी त्यांना अडवून धरलंय, पण फार वेळ नाही धरता येणार."

मालविकानं मला फोन केला होता. तीनदा. मी वडे तळत होते.

"पाठवते," म्हटलं आणि फोन खाली ठेवला. आता हात विटाळलाच होता, मग कडीला लावायला काय हरकत. तशीच, सोवळ्याच्या लुगड्यात, अनवाणी, गल्लीत आले. काकू मागून काहीतरी म्हणत होत्या. पंचगंगेच्या पायऱ्या चढायला जितक्या वाईट, तितक्याच उतरायलाही. वरच्या धुवून लख्ख झालेल्या, खालच्या अजून शेवाळी. मी एका हातानं भिंत धरत, एका हातानं लुगडं धरत उतरले आणि उतरताना मनातल्या मनात मुलीला शिव्या देत होते. काय बसून राहिली आहे ही. ऊन कुठं आलंय ते दिसत नाही? मालविका आली नाही हे कळत नाही? दुसरी एखादी असती तर केव्हाच उठून घरी आली असती.

वासुदेव साहनी, नाववाला, वर पाण्याचा फवारा धरून उभा होता. पंपाच्या आवाजात त्याला मी आल्याचंही कळलं नाही. फोटो काढणारी, एकसारखे टी-शर्ट घातलेली पोरं निघून गेली होती. आणि खाली, पाण्याच्या कडेला, एका पाटाएवढ्या दगडावर वैदेही बसली होती. पाय घोट्यांपर्यंत पाण्यात. पाठ माझ्याकडे, तोंड नदीकडे. वाकून जाळीवरचा झेंडूचा हार सोडवत होती.

"वैदेही."

ती दचकली, पण वळली नाही. "आई? तू इथं कशी? सोवळ्यात?"

"ऊठ. चाचणी सुरू झाली."

"दुपारी आहे."

"सकाळवर आली. मालविका कधीच तिथं पोचली. तिच्या वडिलांनी नेली तिला. तुझं नाव दोनदा पुकारलं. ऊठ, वैदेही."

मला वाटलं ती ताडकन उठेल. ती जागची हलली नाही. तिचे खांदे तेवढे खाली गेले. एक पिशवी वाहत आली, ती तिनं हातानं बाजूला लोटली.

"मी किती वेळ वाट बघते आहे," ती म्हणाली. "वाटलं, उशीर झाला असेल तिला."

"मग उठून यायचं होतंस घरी. विचारायचं होतंस. तुला अक्कल नाही? वासुदेवला ओरडून सांगायचं, बंद कर म्हणून."

"बंद केला की तो पुन्हा पाणी धरत नाही लवकर. आणि आज शेवटचा दिवस आहे, आई. अभी बांबूवाली जगह बाकी है. ती राहिली तर मागच्या वर्षीसारखं होईल." मग हळूच म्हणाली, "ऐसे थोड़ी उठ सकते हैं."

मला तिच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. खरंच वाटली. हिच्या एका जागेसाठी मी देवाला काय काय बोलले होते, आणि ही पंपाची काळजी करत बसली होती. काशीतल्या गाळाला अंत नाही. यंदा धुतला, पुढल्या वर्षी पुन्हा येणार. चाचणी मात्र पुन्हा येणार नव्हती. पुढल्या वर्षी हिची बारावी झालेली असेल आणि ही माझ्या स्वयंपाकघरात असेल.

हे सगळं मला तिला सांगायचं होतं. त्याला वेळ नव्हता.

"तो खो कसा देतात?" मी विचारलं.

"काय?"

"कसा देतात ते सांग. हात कुठं ठेवायचा?"

आता तिनं मान वळवून माझ्याकडं पाहिलं. माझ्या लुगड्याकडं, पायांकडं, चिखलाकडं. "आई, तुला नाही जमणार. गुडघे दुखतात तुझे. आणि वर ब्राह्मण..."

"पहाटेपासून उभीच आहे मी. बसायला मिळालं तर बरंच आहे. हात कुठं?"

"पाठीवर. हात आणि शब्द, दोन्ही एकदम. आधी हात आणि मग शब्द केलंस तर फाउल."

मी वाकले. तिच्या पाठीवर हात ठेवला. टी-शर्ट घामानं ओला होता, खाली मणक्याचे मणी लागत होते. माझ्या तोंडून तो शब्द धड निघेना. आयुष्यात कधी म्हटला नव्हता. आमच्या घरच्या मुली फार तर फुगडी खेळायच्या.

"खो," मी म्हटलं.

त्या क्षणी ती उठली. एवढा वेळ मी हात धरून ओढली असती तरी ती उठली नसती, आणि आता माझ्या डोळ्यांसमोरून गेलीसुद्धा. चिखलाच्या पायांनी पायऱ्या चढताना तिचा आवाज आला, "जाळी खालून साफ कर, वरून नाही." मग तोही नाही.

मी त्या दगडावर बसले. दगड तिच्या अंगानं गरम होता.

काम अवघड नव्हतं, फक्त ते संपत नव्हतं. एक हार काढला की दुसरा. भाताचे गोळे, दर्भ, द्रोण. पक्षाचे दिवस, सगळ्या काशीनं पितरांना दिलेलं त्या जाळीवर येऊन अडकत होतं. त्यातलं काही माझ्याच घरचं असेल. सोवळ्याचं लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलं, मग मांडीपर्यंत. मी मनात हिशेब करत होते. आता मैदागिनला पोचली असेल. बॅटरीवरची टोटो रिक्षा मिळाली असेल. चौकात अडकली असेल. मालविकाच्या वडिलांना दोन शब्द सुनवावेत असं मनात येत होतं, पण ते पुढं सरकेना. त्या पोरीनं फोन केला होता. तिनं तिच्या परीनं खो दिला होता, तो मधे माझ्यापाशी येऊन पडला. मी वैदेहीला विचारलं होतं, अक्कल नाही का, उठली का नाहीस. मी तरी कुठं उठले होते? फोन माझ्या माजघरात वाजत होता आणि मी बारा पावलांवर, तेलात वडे सोडत, वाजू दे म्हणत होते.

हे लक्षात आलं तेव्हा मला रडू आलं नाही, नुसता थकवा आला. कपाळापासून पायापर्यंत.

काही वेळानं मागून यज्ञेश्वरांचा आवाज आला. पायऱ्या उतरणं त्यांना जड जातं, ते वरच्या कट्ट्यावरच थांबले होते. पितांबर नेसलेले, हातात पळी.

"अगं, हे काय? ब्राह्मण पानांवर बसायचे खोळंबलेत."

"वैदेही चाचणीला गेली. मी इथून उठू शकत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे उठता येत नाही. कुणी सोडवायला येईपर्यंत."

आमच्या लग्नापासून एकदाही असं झालं नव्हतं की स्वयंपाक झाला आहे आणि वाढायला मी नाही.

"मग वाढणार कोण?"

"तुम्ही. काकू आहेत. वडे झाकून ठेवलेत, खिरीत वेलदोडा घालायचा राहिलाय."

ते काहीतरी बोलणार होते. मग त्यांचं लक्ष माझ्या लुगड्याकडं गेलं असावं. "कितपत घालायचा?" त्यांनी विचारलं.

"चिमूटभर. आणि मीठ मागितलं तर पानात वाढू नका."

"ते माहीत आहे," म्हणाले, आणि एकेक पायरी धरत वर गेले.

ऊन डोक्यावर आलं, मग कलायला लागलं. पंपाच्या आवाजानं कान बधिर झाले. वासुदेव एकदा पाइप बघायला खाली आला आणि जागच्या जागी थांबला.

"अरे गुरुआइन, आप काहे बइठी हैं? बिटिया कहाँ गई?"

"खेलने गई है।"

"उठिए, हम किसी को बैठा देते हैं।"

मला उठायचं होतं. कंबर मोडली होती, पाय पाण्यात बधिर झाले होते. तो माणूस हात जोडून उठा म्हणत होता, कुणी मला नावं ठेवली नसती. तरी मी म्हटलं, "नहीं भैया, वो आएगी।" माझं मलाच नवल वाटलं. उठले आणि तेवढ्यात एखादी साडी आली तर, एवढंच डोक्यात होतं. तो मान हलवत वर गेला. बांबूंची जागा धुवून व्हायला आली होती. वरून येणारं पाणी आता कमी मातकट दिसत होतं.

मग मागून पाठीवर हात पडला.

"खो," वैदेही म्हणाली.

हात गार होता आणि फार हलका. मी त्या हातानंच ओळखलं. वळून पाहिलं नाही.

"ऊठ ना, आई. दिला खो."

"आधी सांग."

"पोचले तेव्हा खांब उपटत होते. सरांनी खूप सांगितलं. मी धावून दाखवते म्हटलं, एकटीच. ते म्हणाले, यादी गेली." तिचा आवाज सपाट होता. "मालविका झाली सिलेक्ट."

"काय म्हणाली ती?"

"रडत होती. मी सांगितलं, रो मत, उद्यापासून शिबिर आहे तुझं."

एक तुटका हार जाळीकडं आला. मी तो खालून काढला.

"मग तू इथं कशाला आलीस? सरळ घरी जायचंस. जेवलीसुद्धा नसशील."

"तू बसली होतीस ना," ती म्हणाली.

एवढंच. जणू त्यात विचारायचं काय आहे. मला सरांचा राग आला, आणि माझी मुलगी अशी झाली याचा अभिमान वाटला, आणि त्या अभिमानाचीही चीड आली, कारण त्यावर कुठलं वसतिगृह मिळत नाही. मग मी ते सांगितलं, जे सांगितल्याशिवाय मला उठता येणार नव्हतं.

"वैदेही, मालविकाचा फोन आला होता. सकाळीच. मी ऐकला. तीनदा वाजला. मी उचलला नाही."

मी वाट बघत होते. तिनं ओरडावं, रडावं, मला हवं ते बोलावं. माझी तयारी होती.

"हो, मालविका म्हणाली," वैदेही म्हणाली. "सोवळ्यात होतीस. कशी उचलणार?"

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. मी कान देऊन शोधला, नव्हता. खो मिळाल्याशिवाय उठत नाहीत, तसं सोवळ्यात फोन उचलत नाहीत. तिच्या लेखी दोन्ही सारखंच होतं, पाळायचं म्हणजे पाळायचं. बसून राहायला तिला सरांनी शिकवलं असं मी इतकी वर्षं समजत होते.

माझे गुडघे सरळ होईनात. तिनं काखेत हात घालून मला उभं केलं, आणि माझ्या जागी बसली. पाय पाण्यात सोडले, वाकून जाळी चाचपली. चाचणीसाठी घातलेले नवे पांढरे मोजे तिनं काढून कमरेला खोचले होते.

मी पायऱ्या चढायला लागले. वर ब्राह्मणांची जेवणं झाली असतील, उष्टी काढायची असतील, आणि उद्याच्या यजमानांसाठी डाळ भिजत घालायची होती.